आडनाव कळलं, नाव काय?

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

बारसं होऊन महिना उलटला तरी हर्णैच्या काकांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आज दवाखान्यात त्यावर कळस चढला. पण आधी काका.

ते मुद्दाम बोलले नाहीत, हे मला कळतं. हातात घुगऱ्यांचा द्रोण, समोर बायकांचा गलका. ‘गोविंद घ्या कुणी, गोपाळ घ्या’ झालं, मी पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, कानात नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे पाठीत दणादण धपाटे खाल्ले. त्या कानाला वेखंडाचा वास होता. कान केवढा, तर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. सरळ होऊन मोठ्यांदा नाव सांगितलं, तर काका म्हणतात, "सारंग? बरं, आडनाव कळलं. पोराचं नाव काय ठेवलंत?"

सगळे हसले. मीही हसले. वहिनी जरा जास्तच हसली, पण ते जाऊ दे.

आत्याचा मान तो केवढा? एक नाव सुचवायचं आणि धपाटे खायचे. माझं स्वतःचं आडनाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं. भागवतांच्या घरात माझं म्हणून काही मागे ठेवता येणार होतं, ते हे एक नाव. किती वर्षं वहीच्या शेवटच्या पानावर होतं. कुणासाठी लिहिलं होतं ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

दुपारी रेडिओवर वृंदावनी सारंग लागला की बाबा पंखा बंद करायला लावायचे. खरखर नको म्हणून. ऐन मे महिन्यात! घामाघूम होऊन ऐकलेला तो राग माझ्या डोक्यात नाव होऊन बसला. कोश उघडला तर हरीणही सारंग, मोरही सारंग, ढग आणि भुंगाही सारंगच. आणि काकांच्या बंदरावर सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, फारसी ‘सरहंग’वरून आलेला, त्याचंच पुढे आडनाव झालं. विलास सारंगांची पुस्तकं माझ्याच कपाटात आहेत. रोज धूळ झटकते. तरी ते मला आडनाव म्हणून दिसलं कसं नाही?

तेव्हापासून मी नाव तोंडात घोळवून बघते. ‘सारंग, दूध संपव.’ ‘सारंग, चप्पल कुठेय?’ छान वाटतं. मग लगेच, ‘सारंगांकडे आज पाणी आलं नाही’, ‘सारंगवहिनी येऊन गेल्या का?’ तेही तितकंच छान वाटतं आणि मी खचते. शाळेत मुलगे एकमेकांना आडनावानेच हाका मारतात. याला कुणी ‘ए सारंग’ म्हटलं तर सरांना वाटणार, हे आडनाव. म्हणजे बिचाऱ्याला नाव असून नसल्यासारखंच. दादाला बोलून दाखवलं तर म्हणे, "दाखल्यावर अजून घातलेलं नाही. वर्षभर फुकटात घालता येतं. हवं तर बदलू." हवं तर! कानात सांगितलेलं परत कसं घेतात?

तर आज दीड महिन्याची लस. वहिनीने फॉर्म भरला, आडनाव आधी, आपल्याकडे भरतात तसा. सिस्टर दारात येऊन ओरडल्या, "भागवत सारंग कोण?" आम्ही उठलो. त्यांनी दुपट्यात डोकावून पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, भागवतराव का हे!"

सुई टोचताना, "झालं हं भागवत, झालं, झालं." पोरगं निळं होईपर्यंत रडलं. कार्ड हातात आलं तर नाव भागवत, आडनाव सारंग. स्वच्छ, गोल अक्षरात.

मी म्हटलं, सिस्टर, उलटं झालंय. त्यांना पटेना. "ताई, मी परळीची. आमच्याकडं गल्लीत दोन-दोन भागवत हायेत. माझा सख्खा चुलतभाऊ भागवत. आडनाव असतंय का ते कधी?" मी दुर्गा भागवतांचं नाव घेतलं. त्यांनी भागवत कराडांचं घेतलं. इथे मला हसू फुटलं, ते रिक्षात बसेपर्यंत थांबेना. महिनाभर मी माझ्या टोकाशी झुंजत होते आणि ढिली निघाली दुसऱ्याच टोकाची गाठ. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात आडनाव म्हणून मिरवलेलं भागवत परळीत गल्लीबोळात खेळतंय!

कार्डावर खाडाखोड करून घेतली. आता तिथे चारही शब्द आहेत. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आईचंही नाव लावायचं असतं ना, म्हणून सारंग, मग वहिनी, मग दादा, मग भागवत. दोन भांडखोर पोरं लांब बसवावीत तसे मध्ये दोघं.

घरी आल्यावर दादाला सगळं रंगवून सांगितलं. तो हसला नाही. जेवताना गप्प होता. आमटी दोनदा वाढून घेतली नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय.

आत्ता लिहितालिहिता फोन वाजला. शेजारच्या खोलीतून त्याचा मेसेज. "भागवत हे खरंच पहिलं नाव वाटतं का गं?"

वाचलेल्याच्या निळ्या खुणा गेल्या असणार त्याला. उत्तर सकाळी देईन.