मदतीला बोलावलं, म्हणजे झडतीला होकार दिला?

आज ज्युनिअर वकील मुलांसोबत फ्लिपो विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया हा अमेरिकेतला 1999 चा निकाल वाचला. अगदी छोटा आहे, पण संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाहीये.

1996 मधली रात्र. नवरा-बायको सरकारी उद्यानातल्या केबिनमध्ये सुट्टीला आलेले. आमच्यावर हल्ला झालाय, असा नवऱ्याने 911 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. पोलीस आले तेव्हा तो जखमी, बाहेर थांबलेला; आत बायको मृत. त्याला दवाखान्यात नेलं, आणि नंतर सोळा तासांहून जास्त वेळ केबिनची तपासणी चालली. वॉरंट नाही. ब्रीफकेस उघडली, खुनाच्या जागी वॉरंट लागत नाही म्हणत त्यातले फोटो खटल्यात आले, त्याला खुनाची शिक्षा झाली.

अपिलात सरकारचं म्हणणं: यानेच पोलिसांना बोलावलं, म्हणजे संमती होतीच! खुनाची जागा आहे म्हणून वॉरंट माफ होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं आणि संमतीचा मुद्दा खालच्या कोर्टाकडे परत पाठवला.

"सर, पण खून त्यानेच केला असेल तर?" एकीने विचारलं. असेलही. पण घाबरून फोन करणारा प्रत्येक जण खुनी नसतो ना.

आपल्याकडे तर 1973 च्या पूरनमल निकालापासून झडती बेकायदा असली तरी पुरावा सहसा चालतो. मला माझ्या एका पक्षकाराची आई आठवली. झडतीला पोलीस साहेब आले, तिने दार उघडलं, पाणी दिलं, कपाटाची किल्लीही दिली. नाही म्हणता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'स्वखुशीने'.