लिंबाचा पीळ

"बाबा, वरचं लिंब फिरलंय," लेक म्हणाली. आईने ओट्याजवळूनच विचारलं, "लिंब फिरतं कसं रे? झाड ना ते?" धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांना इंग्रजी 'limb'वरून मैदानावर सगळे लिंबच म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे पाडव्याला खायचं लिंब वेगळं आणि पिशवीतलं वेगळं.

फिरवलं मीच होतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि लेकीने धनुष्याचा हट्ट धरला. अदितीचं कंपाउंड, चाकांचं. लेकीला सरांनी साधं लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, घ्यायला सांगितलं, ओढायला १८ पौंडांचा जोर लागणारं. दोरी चढवायला स्ट्रिंगर मिळतो: एक लांब नाडी, तिच्या टोकांना धनुष्याची टोकं अडकवायची, मधला भाग पायाखाली दाबायचा. एवढ्याशा धनुष्याला कसली नाडी, म्हणून मी त्यात पाय घातला, मांडीवर वाकवलं आणि दोरी बसवली. क्षणभर अगदी अर्जुन! पण मांडीचा जोर तिरका येतो. लाकूड आणि फायबरग्लासचे चिकटवलेले थर पुढे-मागे हजारदा वाकतील, आडवा पीळ मात्र लक्षात ठेवतात.

सरांनी धनुष्य खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि मागून एक डोळा मिटून पाहिलं. खाली दोरी लिंबाच्या बरोब्बर मधून गेलेली. वर, टोकाजवळच्या खोबणीतून ती डावीकडे सरकली होती, फार तर गव्हाच्या दाण्याएवढी. लगेच लिंबावर आळ घ्यायचा नाही म्हणे. दोरीचा फास नीट बसवला, लिंब मुठीला जोडणारा बोल्ट पाहिला, तिथल्या बैठकीतली माती पुसली. दाणा हलला नाही.

मग उपचार. गरम पाण्यात भिजवलेला पंचा गुंडाळायचा (उकळतं पाणी नाही, थर सुटतात), टोकाजवळ धरून उलट्या बाजूला, सरळच्याही जरा पलीकडे पिळायचं, गार होईपर्यंत धरायचं. कार्बन-फोमच्या महागड्या लिंबांना असलं काही करायचं नाही. आठ दिवस सकाळचा चहा मी एका हाताने प्यायलो. संध्याकाळी सरळ, सकाळी पुन्हा गव्हाचा दाणा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जाळायचीही सोय नव्हती.

नवव्या दिवशी कडेला नखाला लागेल अशी रेघ आली. सरांनी दोरी उतरवूनच ठेवली. ताणताना लिंब तुटलं तर ते तोंडासमोरच तुटतं.

दुकानात म्हटलं, वरचं एकच द्या. "जोडीच येते, साहेब." दोन्हींचा ताठरपणा एकमेकांना जुळवलेला असतो, नवं वर आणि जुनं खाली लावलं तर ते दोन दिशांना भांडणार. जोडी घेतली, निमूटपणे स्ट्रिंगरही घेतला. तो बारा आण्यांना नाही, पण लिंबांपुढे काहीच नाही. आता दोरी लेकच चढवते. मला पिशवी उचलायची परवानगी आहे.

उरलेलं सरळ लिंब आईने गच्चीवरच्या कुंडीत घेवड्याला रोवलं. परवा वर बोलावून दाखवत होती. वेल त्याला पिळे घालत टोकापर्यंत पोचलाय.

"बघ," म्हणाली, "लिंबाला पाला फुटला."