तुम्ही विचारलंत म्हणून: जिंकत आलेला डाव का जातो?

बुद्धिबळाच्या स्पर्धेत हॉलच्या दाराबाहेर पालकांची गर्दी असते, तिथे मला हमखास एक प्रश्न येतो. "सर, घरी मोबाइलवर हा मस्त खेळतो हो. इथे मात्र जिंकत आलेला डाव घालवतो. याचं मन घट्ट कसं करायचं?" पोरगं शेजारीच बुटाच्या टोकाने फरशी उकरत उभं असतं. पुढची फेरी अर्ध्या तासावर आलेली, मी आपला "सराव वाढवा" म्हणून सुटतो. आज जरा सविस्तर सांगतो.

आमच्या गावी वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी पट मांडला जायचा. खेळणारे दोघे, बघणारे सहा. आणि चांगली चाल नेहमी बघणाऱ्यांनाच आधी दिसायची. त्यातला एखादा स्वतः खेळायला बसला की शेंबड्या पोराकडून हरायचा, पण उभा राहिला की तोच "अरे, वजीर मरतोय!" म्हणून ओरडायचा. मधेच खेळणाऱ्याला घरून बोलावणं यायचं. मग तो बघ्यांपैकी कुणाला तरी म्हणायचा, "जरा माझा डाव चालव, आलोच."

असे डाव मी पुष्कळ चालवले. बहुतेक पडलेलेच असायचे; कुठे घोडा गेलेला, कुठे राजा उघड्यावर. तरी त्यातले बरेच वाचायचे. कारण तो घोडा मी घालवलेला नव्हता. त्याची हळहळ मला नव्हती, लाजही नव्हती. पटावर जे उरलंय तेवढंच दिसायचं. स्वतःच्या डावाकडे असं बघायला मला वीस वर्षं लागली, आणि अजूनही रोज जमतं असं नाही.

सांगली हे बुद्धिबळाचं जुनं गाव, भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच. तिथे एका उन्हाळी स्पर्धेत माझ्यासमोर एक आजोबा आले. दुपारपर्यंत मी एक घोडा वर होतो. कॅसलिंग झालेलं, म्हणजे हत्तीला शेजारी घेऊन राजा कोपऱ्यात सुरक्षित बसलेला, त्याच्यापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती. डाव संपल्यातच जमा होता, म्हणून मी मनातल्या मनात एसटीडी बूथवर जाऊन घरी फोन लावला: हो, जिंकलो, चार गुण झाले, उद्या वरच्या टेबलावर. तेवढ्यात समोर एक फुकटचं प्यादं दिसलं. पहिल्या रांगेतला हत्ती उचलून मी ते खाल्लं.

आजोबांनी तपकिरीची डबी मिटून खिशात टाकली. त्यांचा हत्ती सरळ माझ्या पहिल्या रांगेत आणून ठेवला आणि हात पुढे केला. माझ्या राजाला हलायला जागा नव्हती, वाट माझ्याच तीन प्याद्यांनी अडवलेली. पहिल्या महिन्यात शिकवतात ती मात! मागे उभ्या असलेल्या एका मुलाने "च्च" केलं. त्याला ती आधीच दिसली होती.

डाव भीतीने जातात असं सगळे समजतात. जातातही. पण माझ्या बघण्यात त्याहून जास्त डाव "आता झालंच" या विचाराने गेलेत. घाबरलेला माणूस निदान पटाकडे बघतो तरी.

हे फक्त आमच्यासारख्यांचंच होतं असंही नाही. 2006 मध्ये बॉनला व्लादिमीर क्रॅमनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणकाच्या प्रोग्रॅमविरुद्ध खेळत होता. विश्वविजेता माणूस, पण पुढच्याच चालीला बसणारी मात त्याला दिसली नाही.

याच्या उलटं उदाहरण गुकेशचं. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट, त्यामुळे बघणारे बरोबरीच धरून चालले होते. 55व्या चालीला समोरच्या डिंग लिरेनने, तेव्हाच्या जगज्जेत्याने, हत्ती एफ-2 या घरावर आणला. हत्तींची मारामारी झाली, म्हणजे एकमेकांचे हत्ती मारले गेले, की सुटलो, असं त्याला वाटलं असावं. गुकेशने नंतर सांगितलं की ही चूक आहे हे त्यालाही लगेच कळलं नाही. तो ठरल्याप्रमाणे आपला हत्ती हलवणारच होता. मग दिसलं की हत्ती गेले की डिंगचा उंट अडकतो, तोही मारामारीत निघतो, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव काळ्याचा आहे. चार तासांचा शीण अंगावर असताना ठरलेली चाल थांबवून तो क्षणभर बघ्यांत जाऊन उभा राहिला, असं मला वाटतं.

गुकेशबरोबर तेव्हा मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन होते, 2011 च्या विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघाबरोबर असलेले. हे पेपरात आल्यापासून मला "मेंटल कोच कुणी ओळखीचा आहे का?" असंही विचारतात. नऊ वर्षांच्या मुलासाठी! त्याला आधी रात्री वेळेवर झोपवा.

वर्गात मी दोनच गोष्टींचा आग्रह धरतो. समोरच्याने चाल केली की आधी "ही का केली?" हे विचारायचं, आणि तोवर दोन्ही हात मांडीखाली. कारण सोंगटीला हात लागला की ती खेळावीच लागते. पूर्वी खेळाडू चाल आधी कागदावर लिहायचे, मग पुन्हा एकदा पट बघून खेळायचे. तेवढ्याने नजर ताजी व्हायची. आता फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमाने चाल आधी लिहिता येत नाही. म्हणून चाल ठरली की नजर घड्याळाकडे न्या, मग परत पटाकडे, असं मी सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे, चूक झाली की उठायचं. पाणी प्यायचं, आणि परत येताना असं समजायचं की हा कुणा मैत्रिणीचा डाव आहे, तिला घरून बोलावणं आलंय.

2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून माझ्या वर्गात मुली वाढल्या. त्यांतल्या एकीचा, अकरा वर्षांची आहे, मागच्या स्पर्धेत विसाव्या चालीला उंट गेला. एरवी ती तो उंट जिथून गेला त्या घराकडेच बघत बसायची. या वेळी उठली. पाणी प्यायली. आणि परत येऊन खुर्चीवर बसण्याऐवजी खुर्चीच्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली. दोन मिनिटं, तीन मिनिटं, इकडे घड्याळ चालूच. पंच जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काय गं, काही हवंय का?"

"नाही सर," ती म्हणाली, "मी फक्त बघायला आलेय."

मग बसली. डाव बरोबरीत सुटला. बाहेर आल्यावर आई काही विचारायच्या आत म्हणाली, भूक लागलीये.