घ्यायचं काही नसतं, तरी जाते

‘विकत काही घ्यायचं नसतं, मग आर्ट फेअरला जाता कशाला?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

बऱ्याच गॅलऱ्या एकत्र येऊन आपापले स्टॉल लावतात आणि चित्रं विकतात, असा तो बाजार आहे, हे आधी कबूल करते. 1967 साली जर्मनीतल्या कोलोनमध्ये 18 गॅलऱ्यांनी मिळून कलाबाजार भरवला, तिथून आजच्या फेअरची सुरुवात धरतात. 1970 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात ‘आर्ट बाझल’ हा फेअर सुरू झाला. मला त्यातलं बाजारपणच आवडतं. संग्रहालयात चित्र भिंतीवर चढतं तोवर त्याचं मोठेपण कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं, आपण फक्त मान डोलवायची. फेअरमध्ये नावाजलेल्या चित्रकाराशेजारी कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला पोरगा टांगलेला असतो, आणि मुकाट्याने आपलं आपण ठरवावं लागतं.

शिवाय जवळ जाता येतं. हात लावायचा नाही, पण कॅनव्हासच्या कडेला डोकावायला कुणाची ना नसते. समोरून शांत निळंशार दिसणाऱ्या एका चित्राच्या कडेवर लाल-पिवळ्या रंगाचे ओघळ वाळलेले दिसले. म्हणजे निळ्याखाली आधी एक वेगळंच चित्र होतं! छापचित्राच्या खाली पेन्सिलीने 7/25 असं लिहिलेलं असतं. पंचवीस प्रतींपैकी ही सातवी. आणि विचारायला लाजू नका. स्टॉलच्या मागे बहुधा एक छोटी कोठी असते. तुम्ही खरंच रस घेऊन दोन प्रश्न विचारलेत, तर आतून न टांगलेली कामंही बाहेर येतात. मी घेणार नाही हे त्यांना पाचव्या मिनिटाला कळतं, तरी दाखवतात बिचारे.

भिंतीला चिकटवलेल्या केळ्याचं काय, हे तुम्ही पुढे विचारणारच. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीचच्या फेअरमध्ये मौरिझिओ कॅटेलान या इटालियन कलाकाराने ते चिकटपट्टीने लावलं, किंमत 1,20,000 डॉलर. दुसऱ्याच एका कलाकाराने ते सर्वांदेखत सोलून खाल्लं, तर गॅलरीने दुसरं लावलं. विकलं जात होतं ते प्रमाणपत्र आणि केळं कसं लावायचं याच्या सूचना. मला ते कलाकृतीपेक्षा विनोद म्हणून जास्त आवडतं, पण फेअर म्हटलं की तेवढंच आठवावं याचा रागही येतो.

दोन तासांनंतर मात्र डोळे शिणतात, सगळी चित्रं एकसारखी दिसू लागतात. त्यावर माझा उपाय म्हणजे प्रत्येक रांगेतलं एकच चित्र मनातल्या मनात चोरायचं. एकच! निवडायचं म्हटलं की नजर आपोआप ताळ्यावर येते.

फेअरचा खरा उपयोग पुढे आहे. ज्या शहरात तो भरतो, तिथल्या गॅलऱ्यांचे स्टॉल मी हेरून ठेवते, नावं लिहून घेते आणि पुढचे दोन दिवस त्यांच्या दारात. गॅलरीला सहसा तिकीट नसतं. कुठे बेल वाजवावी लागते, आत शुकशुकाट असतो, पण आपल्याला कुणी हटकत नाही. फेअरच्या आठवड्यात या गॅलऱ्या आपलं ठेवणीतलं काम लावतात, काही रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलात तर कोपऱ्यात ग्लास धरून अवघडून उभा असलेला माणूस बघा, बऱ्याचदा तोच चित्रकार असतो. त्याच्याशी बोला, त्यालाही सुटल्यासारखं वाटतं.

जमलं तर शेवटच्या दिवशी संध्याकाळीही जा. आवराआवर चालू असते, चित्रं पाठमोरी टेकवलेली, मागे जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या. गेल्या खेपेला मी चोरलेलं ते सात नंबरचं छापचित्र शोधत परत गेले, तर भिंतीवर नुसता खिळा होता आणि शेजारी ‘विकलं’ सांगणारी लाल टिकली. वाईट वाटलं, खरंच. घेणार तर नव्हतेच मी.