मामाचं परमिट आणि बफेलो विंग्ज

मामा जूनमध्ये बेस्टमधून रिटायर झाला आणि तेव्हापासून माझ्या मागे लागला होता की तू ऑफिसवाल्यांबरोबर जातेस तिथे मला एकदा घेऊन चल, दादरच्या परमिट रूममध्ये तीस वर्षं त्याच टेबलावर बसून कंटाळलोय. मामाबरोबर प्यायला बसणं आमच्याकडे अजून जरा ऑकवर्डच, म्हणून आईला ‘मामाला जेवायला नेतेय’ एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं ते.

लोअर परळला एका जुन्या मिलच्या कंपाउंडमध्ये हे अमेरिकन बिस्ट्रो आहे (नाव नाही सांगत, पुढे तक्रार आहे). पुढच्या बाजूला जेवायचं आणि पुस्तकांच्या कपाटासारखं दिसणारं दार ढकललं की आत कॉकटेल लाउंज. दारावरच्या मुलीने ‘रिझर्व्हेशन?’ विचारलं आणि मामाने पाकिटातून, रेल्वेच्या पासामागे ठेवलेलं, लॅमिनेट केलेलं दारूचं परमिट काढून तिच्यासमोर धरलं. आजन्म परवाना, हजार रुपयेवाला. तिला ते काय आहे तेच कळेना, मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

पण हसू नका, कायद्याने मामाच बरोबर. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे, कागदोपत्री प्यायला परमिट लागतं, एका दिवसाचं पाच रुपयांत मिळतं, आणि ‘परमिट रूम’ हे नावही त्यातूनच आलंय. आणि गंमत बघा, ते कपाटाचं दार कशासाठी तर म्हणे अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती तेव्हा लोक असे लपूनछपून प्यायचे, त्याची थीम. मामा म्हणाला, ‘तेरा वर्षांत सुटले की ते! आपली तर अजून चालूच आहे. घरातली जुनी माणसं सांगायची, आंटीच्या चोरट्या दारूच्या अड्ड्याला कपाट नव्हतं, मागच्या दाराला गोणपाट असायचं.’

टेबल नको, काउंटरलाच बसू असं मी म्हटलं आणि तो त्या दिवसातला माझा एकमेव शहाणा निर्णय. मामाला ओल्ड फॅशन्ड नावाचं व्हिस्कीचं कॉकटेल सांगितलं. बारटेंडर वसईचा निघाला, मराठीच, मग काय, गप्पा सुरू. साखरेची वडी, त्यावर बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे तीन थेंब, मग बोर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. बोर्बनमध्ये किमान 51 टक्के मका असावा लागतो म्हटल्यावर मामा, ‘म्हणजे मक्याची दारू.’ बारटेंडर म्हणाला, काका, बरोबर. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरात कॉकटेल म्हणजे काय हे पहिल्यांदा छापलं होतं, दारू, साखर, पाणी, बिटर्स, बस. पुढे लोक त्यात वाट्टेल ते घालायला लागले तेव्हा जुनी गिऱ्हाईकं ‘जुन्या पद्धतीचंच दे’ म्हणायची, तेच नाव पडलं. मामाचं लक्ष मात्र मापाकडे. ते डमरूसारखं स्टीलचं माप त्याने मागून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, साठ एमएल, म्हणजे लार्ज, मग समाधान.

पण खरा जीव गुंतला तो बर्फात. ग्लासात एकच मोठा चौकोनी तुकडा, काचेसारखा आरपार. मामाने ग्लास दिव्यासमोर धरला, त्यातून बाटल्यांवरची लेबलं वाचता येत होती. बारटेंडरने कृती सांगितली: डब्याला बाजूंनी आणि खालून थर्माकोल लावायचा, वरून उघडा ठेवायचा, मग पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा खाली ढकलली जाते, तो पांढरा भाग कापून टाकायचा. वर्कशॉपमधला माणूस, त्याने दोनदा विचारून घेतलं.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बफेलो विंग्ज म्हणजे म्हशीला पंख कुठले, हा मामाचा रास्त प्रश्न. बफेलो हे गाव आहे, तिथल्या एका बारमध्ये 1964 ला हे सुरू झालं, आत चिकनच. आणि बर्गरमध्ये मात्र खरंच म्हैस, कारण 2015 पासून आपल्याकडे गाय-बैल दोन्ही बंद! मामाने चिकन बर्गर घेतला, कोरडा होता, विंग्ज मस्त, आंबट-तिखट, बोटं चाटत खाल्ले. पण सहा तुकड्यांचे 595 रुपये. परमिट रूममध्ये चणाडाळ, काकडी फुकट येते. शेवटी हाही चकणाच ना, फक्त बिल लावलेला.

बिलात जेवणावर 5 टक्के जीएसटी, दारूवर 10 टक्के व्हॅट, ठीक, आणि वर गुपचूप 10 टक्के सर्व्हिस चार्ज. सरकारच्या 2022 च्या गाइडलाइन्सप्रमाणे तो परस्पर लावता येत नाही, दिल्ली हायकोर्टानेही मागच्या वर्षी 2025 मध्ये तेच म्हटलंय. मॅनेजर ‘मॅम, पॉलिसी आहे’ करत राहिला, मी बसूनच राहिले, दहा मिनिटांनी नवीन बिल आलं. मामाने तोवर दोन शंभरच्या नोटा बारटेंडरच्या हातात दिल्या होत्या. करी रोडवरून स्लो पकडली.

रविवारी मामीचा फोन. फ्रीजरमधले बोंबील बाहेर काढून तिथे थर्माकोलचा डबा ठेवलाय, हे कुणी शिकवलं याला? मागून मामा ओरडतोय, ‘तिला सांग, अजून पांढराच येतोय, झाकण काढायचं की ठेवायचं विचार!’