आजी नेमक्या कुठल्या राज्यातल्या?

नागपूरला लग्नाला गेलो होतो. लग्न, झिरो माइल, फुटाळा, सगळं पळापळीत उरकलं. सावजीचा रस्सा 'मध्यम तिखट' सांगून वाढतात, त्यावर विश्वास ठेवू नका. माझा पुढचा अख्खा दिवस त्यातच गेला.

दीक्षाभूमीवर मात्र दुपार कशी सरली कळलं नाही. सेल्फीवाल्यांना कंटाळून बोधिवृक्षाच्या सावलीत टेकलो. शेजारच्या आजींनी न विचारता मूठभर चिवडा हातावर ठेवला. वय ऐंशीच्या पुढं, आवाज खणखणीत.

"आजी, छप्पनला तुम्ही इथं होता?"

"होती ना! बारा वर्साची. मायनं बाबाचं जुनं धोतर फाडून मले पांढरा फ्राक शिवला. बाबासाहेब कुठचे दिसतात बेटा, मानसंच मानसं! भोंग्यातून आवाज ये. उभे राहा म्हटलं, उभे रायलो."

१४ ऑक्टोबर १९५६. लाखो लोकांनी धर्म बदलला, हे आपण पुस्तकात वाचलेलं. आजींच्या घरी त्याच रात्री भिंतीतल्या देवळीतले देव निघाले आणि तिथं मायनं मिठाची बरणी ठेवली. देवळी काळी पडलेली होती, म्हणून आधी चुना फासला. मग अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. राजधानीपण गेलं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. "त्या दिवशी आमच्या वस्तीत चूलच नाही पेटली," एवढंच बोलून त्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिल्या. १९६० साली महाराष्ट्र झाला. घर तेच, गल्ली तीच.

आम्ही पुण्याकडचे. संयुक्त महाराष्ट्र म्हटलं की आम्हाला मुंबई आठवते. नागपूरनं त्यात काय सोडलं, याचा विचार आमच्या घरात कुणी केल्याचं मला आठवत नाही. हिवाळी अधिवेशनाला आम्ही सहल म्हणून हसतो, ते विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेताना दिलेलं, नागपूर करारातलं वचन आहे.

आजींना याचा फटका बसला तो भलत्याच ठिकाणी. चौथीच्या दाखल्यावर 'मध्यप्रदेश' लिहिलेलं. कुठल्याशा कामाला तो जोडला, तर खिडकीतला पोरगा म्हणाला, तुम्ही बाहेरच्या राज्यातल्या, रहिवासाचा पुरावा आणा.

"मंग?"

"मंग काय! म्हटलं, मी हाललीच नाही बाप्पा, तुमचं राज्यच सरकून रायलं. साहेबाले बोलाव."

साहेबानं सही केली म्हणे. तिसऱ्या खेपेला.