"मी घरातच होते"

आज ऑफिसात किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. कोण कुठे होतं? कुणी सोलापुरात, पलंग हलला. कुणी पुण्यात, मांडणीवरची भांडी वाजली. सगळे हिरिरीने सांगत होते.

चहा घेऊन आलेल्या औशाकडच्या (किल्लारी याच तालुक्यात) मावशी म्हणाल्या, "मी घरातच होते."

एवढंच. कप ठेवले आणि गेल्या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. गणपती विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं झोपेतच अंगावर आलं. ५२ गावं जमीनदोस्त झाली.

मावशी रोज आमच्यातच वावरतात. त्यांना हे आजवर कुणीच कसं विचारलं नाही? आणि आता विचारावं, की त्यांना नको असेल ते?